भिंतीपलीकडलें सौभद्र

संगीत नाटकाचें वेड आम्हांस बाराव्या वर्षीं लागलें आणि आज अडुसष्टाव्या वर्षींही तें उतरलेलें नाहीं. या वेडाचा पुरावा म्हणून आमच्या कपाटांत सात वह्या आहेत. मॅट्रिक होऊन पाठशाळेंत गेलों, आणि पुढें सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकवण्यांत गेला. त्यामुळें जें जें पाहावें त्याला गुण देण्याची खोड अंगीं मुरलेली. प्रयोगाची तारीख, गांव, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, किती पदें गाळलीं, किती पदांना 'वन्समोअर' मिळाला, आणि शेवटीं शंभरांपैकीं गुण, असा त्या वह्यांचा मासला आहे. 'सौभद्र' ३१ वेळां, 'मानापमान' १९ वेळां, 'कट्यार काळजात घुसली' १४ वेळां. आमच्या कुटुंबाचें म्हणणें असें कीं, इतक्या आस्थेनें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या असत्या तर गांवांत चार शास्त्री तरी जास्त निपजते. तें अगदींच खोटें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

परंतु हें वेड आम्हांस नाट्यगृहांत लागलें नाहीं. तें लागलें आमच्या घराच्या परसांत.

कोल्हापुरास पॅलेस थिएटराजवळच्या एका बोळांत आमचा वडिलोपार्जित वाडा होता. हें थिएटर छत्रपति शाहूमहाराजांनीं १९१५ सालीं बांधविलें. पुढें त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. आमच्या परसांत एक आड, आडापुढें तुळशीवृंदावन, त्यापलीकडे भिंत, भिंतीपलीकडे बोळ आणि बोळापलीकडे थिएटर. ध्वनिक्षेपक यावयाच्या आधींच्या काळांत गाणारा नट आपला आवाज पिटांतल्या शेवटच्या माणसापर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोंचवीत असे. उन्हाळ्यांत दारें-खिडक्या सताड उघड्या असल्या म्हणजे तो त्या शेवटच्या माणसाच्याही पलीकडे, थेट आमच्या आडापर्यंत पोंचे. आणि तेथें आमची अक्का बसलेली असे.

अक्का ही आमची थोरली आत्या. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून घरांतलीं आम्ही सारीं पोरें तिला अक्काच म्हणत असूं. तिचा जन्म १९०६ चा. दहाव्या वर्षीं लग्न झालें आणि १९१८ च्या मानमोडीच्या साथींत, बाराव्या वर्षीं, कपाळ पांढरें झालें. तेव्हांपासून ती माहेरीं. लाल अलवण, एकभुक्त, सोवळ्याचा स्वयंपाक आणि देवघर, एवढेंच तिचें जग. गांवांत नाटक मंडळीचा मुक्काम पडला कीं घरांतले पुरुष जात, सुवासिनीही जात. अक्कानें जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे तो कोणीं विचारलाही नाहीं. तिनें स्वतः तर नाहींच नाहीं. रात्रीं भांडीं आवरावीं, सकाळची डाळ भिजत घालावी आणि आडाच्या पायरीवर येऊन बसावें. त्या काळीं नाटकें रात्रीं सुरू होऊन पहांटेपर्यंत चालत. नांदीपासून शेवटच्या पदापर्यंत कधीं जागत, कधीं पेंगत ती बसे, आणि कोंबडा आरवण्याच्या सुमारास आंघोळीला पाणी काढी.

आतां एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी. भिंतीपलीकडून गद्य ऐकूं येत नसे. तारसप्तकांतलें गाणें येई, टाळ्या येत, 'वन्समोअर'चा गलका तर बोळभर घुमे. ज्या पदाला वन्समोअर मिळे तें पुनः म्हटलें जाई, म्हणून तें अक्काला अधिक पाठ होई. जें पद लोकांना रुचलें नाहीं तें तिलाही आलें नाहीं. म्हणजे तिची पदसंहिता ही कोल्हापुरच्या रसिकांनीं टाळ्यांनीं संपादित केलेली होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. दुपारीं तांदूळ निवडतांना ती हीं पदें म्हणे. ओसरीवर ऐकूं जाणार नाहीं इतक्या हलक्या आवाजांत. त्या सुपापाशीं बसून आम्हीं सौभद्र शिकलों, मानापमान शिकलों, स्वयंवर शिकलों. एका नाटकाचीं पदें मात्र ती कधींच म्हणत नसे. देवलांचें 'शारदा' हें १८९९ सालचें नाटक. कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधण्याची त्याची कथा. (बालविवाहाच्या १९२९ च्या कायद्याला 'सारडा कायदा' म्हणतात तो हरविलास सारडा यांच्या नांवावरून, त्याचा या शारदेशीं संबंध जोडणारे विद्यार्थी आम्हांस दरवर्षीं दोन-तीन तरी भेटत.) शारदेचीं पदें त्या भिंतीवरून आलींच नसतील असें नाहीं. अक्का तीं म्हणत नसे, एवढेंच आम्ही सांगतों.

तेराव्या वर्षीं आमच्या हातीं सौभद्राच्या पदांची एक जुनी चोपडी आली. नुसतीं पदें, गद्य त्यांत एक अक्षर नाहीं. आम्हांस त्याच वर्षीं संस्कृतांत पहिलें पारितोषिक मिळालेलें, त्यामुळें डोक्यांत वारा शिरलेला. चोपडी घेऊन आम्ही अक्कासमोर बसलों आणि तिच्या चुका काढूं लागलों. कोठें शब्द गळलेला, कोठें अर्धा चरण दुसऱ्याच पदाला जोडलेला. एका पदांतील एक संबोधन तिच्या कानीं कधींच नीट आलें नव्हतें. त्या जागीं ती सरळ 'अंबे' म्हणे. कोल्हापुरचें माणूस, कानीं न आलेला शब्द अंबाबाईच्या नांवानें भरून काढी. मात्रा बरोबर जुळत, अर्थ मुळींच जुळत नसे.

"अक्का, हें चुकीचं आहे," आम्हीं ऐटींत सांगितलें.

"असेल बाबा," ती तांदळांतला खडा टिपीत म्हणाली. "वाऱ्यावर आलेलं, वाऱ्यानंच थोडं खाल्लं असेल."

आम्हीं तिच्याकडून शुद्ध पाठ दहादां म्हणवून घेतला. आमच्यासमोर ती तो म्हणे. पाठ फिरली कीं पुनः अंबे.

सौभद्र हें अक्काच्या मतें फार दुःखाचें नाटक होतें. सुभद्राहरणाची कथा तिनें कीर्तनांत ऐकलेली. बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यावयाची आहे, कृष्णाला अर्जुनाला द्यावयाची आहे, आणि त्या पोरीला कोणी विचारीत नाहीं. त्यावर भिंतीपलीकडून येणारीं सुभद्रेचीं तीं आर्त पदें. "भावाभावांच्या ओढाताणींत बिचारीचे हाल रे," असें ती म्हणे, आणि एक विशिष्ट पद म्हणतांना तिचा आवाज हमखास भरून येई. त्या काळीं सुभद्रेचें काम पुरुषच करीत हें तिला ठाऊक होतें. त्यानें तिला कांहीं फरक पडत नसे.

१९७३ च्या उन्हाळ्यांत एका फिरत्या मंडळीचें सौभद्र त्याच थिएटरांत लागलें. आम्ही सोळा वर्षांचे होतों. जेवतां जेवतां आमच्या मातोश्री अक्काला म्हणाल्या, "वन्सं, या खेपेला तुम्ही यायचंच."

वडिलांचा घांस हातांतच राहिला. "अक्का? नाटकाला? लोक काय म्हणतील?"

"लोक नाटक बघतील," मातोश्री म्हणाल्या आणि आमटी वाढूं लागल्या.

वडिलांचा विरोध तेवढ्यावर आटोपला. खरा विरोध अक्काचाच होता. ह्या वेषानं कुठं जाऊं, चारचौघांत कशी बसूं, परत आल्यावर सोवळ्याचं काय, असे तिचे शंभर प्रश्न. मातोश्रींनीं एकाचेंही उत्तर दिलें नाहीं. अलवणावर पांघरण्यास आपली करड्या रंगाची शाल तेवढी काढून ठेवली. त्या रात्रीं, सदुसष्टाव्या वर्षीं, अक्का बोळ ओलांडून पलीकडे गेली. मोजून चाळीस पावलें.

नांदी सुरू झाली तेव्हां तिनें हात जोडले. पहिल्या पदाला तिचे ओंठ हलूं लागले. मग नट बोलूं लागले आणि ती गोंधळली. "हें मधेंमधें काय बोलतात रे इतकं?" तिनें आमच्या कानांत विचारलें. गाण्यांच्या मध्यें इतकें बोलणें असतें याची तिला कल्पनाच नव्हती.

येथें सौभद्राविषयीं दोन शब्द सांगावयास हवेत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें, तें कालिदासाचें भाषांतर. १८८२ सालचें सौभद्र हें त्यांचें स्वतंत्र नाटक. नांदी, सूत्रधार, नटी हा सांगाडा संस्कृत नाटकाचाच ठेवला; पण आंत जीं माणसें घातलीं तीं द्वारकेचीं नव्हेत, आपल्या वाड्यांतलीं. बलराम म्हणजे घराचा कर्ता थोरला भाऊ. तोंडानें तापट, मनानें भाबडा, आणि सारें घर आपल्या हुकमानें चालतें अशा पक्क्या समजुतींत वावरणारा. कृष्ण म्हणजे धाकटा. कधीं उलट बोलणार नाहीं, आणि शेवटीं आपलेंच खरें करील. अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेष घेऊन येतो, बलराम त्या ढोंगी यतीच्या भजनीं लागतो आणि स्वतःच बहिणीला त्याच्या सेवेस पाठवितो! एकत्र कुटुंबाचें इतकें खट्याळ आणि इतकें प्रेमळ चित्र मराठींत दुसरें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पदें शंभरावर आहेत आणि तरीही हें नाटक मूळचें हसवण्याचें आहे.

बलराम त्या संन्याशाची थोरवी गाऊं लागला तेव्हां अक्कानें प्रथम त्याच्याकडे पाहिलें. मग मान वळवून, खुर्चीच्या टोकाला हातांची घडी घालून ताठ बसलेल्या आमच्या वडिलांकडे पाहिलें. पुनः बलरामाकडे. आणि ती हसूं लागली. पदराचा बोळा तोंडांत कोंबला तरी हसें आवरेना. खांदे गदगदूं लागले. "अक्का, बरं वाटतंय ना?" वडिलांनीं अगदीं बलरामाच्याच सुरांत विचारलें, त्यासरशीं मातोश्रीही फुटल्या. वडिलांना शेवटपर्यंत कळलें नाहीं.

मग तें पद आलें. सुपापाशीं जें म्हणतांना अक्काचा गळा दाटून येई, तेंच. सुभद्रा रंगमंचावर उभी राहून आपल्या अर्जुनासाठीं झुरते आहे. आणि तिचा अर्जुन भगवीं वस्त्रें नेसून जवळच बसला आहे, हें सबंध थिएटराला ठाऊक आहे. गाणारीनें तें छान म्हटलें. लोकांनीं वन्समोअर दिला. अक्का ना हसली ना रडली. फक्त पाहात राहिली.

परततांना बोळांत ती थांबली. "म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "तिला एकटीलाच ठाऊक नव्हतं." मग जरा वेळानें, "पन्नास वर्षं मी उगीच रडलें." आम्ही तेव्हां मोठ्यानें हसलों. त्या रात्रींचें टिपण आमच्या पहिल्याच वहींत आहे. ऑर्गन उतरलेला, अर्जुनाचा घसा बसलेला, अकरा पदांना कात्री, गुण ६२. शेरा: 'अक्का हसली.'

त्यानंतर कित्येक दिवस तिनें तें पद म्हटलें नाहीं. एके दिवशीं आम्हींच आग्रह केला तेव्हां तिनें विचारलें, "कुठलं म्हणूं? थिएटरातलं कीं आडावरचं?" आणि दोन्ही म्हणून दाखविलीं. शब्द तेच, चाल तीच. थिएटरांतलें जरा चढ्या लयींत, जणूं डोळा मिचकावीत, आडावरचें पूर्वीचेंच. कोणतें अधिक चांगलें याचे गुण आम्ही त्या वेळीं देऊं शकलों नाहीं, आणि पुढें चाळीस वर्षे याच प्रश्नाभोंवतीं आमचें वेड फिरत राहिलें.

कारण आज अवघा महाराष्ट्र अक्कासारखाच भिंतीअलीकडे बसलेला आहे. नाट्यपदें सगळीकडे आहेत: मैफलीच्या शेवटीं, स्पर्धांत, लग्नांतल्या भोजनसमयीं, भ्रमणध्वनीवर. नाटक मात्र नाहीं. मानापमानांतल्या भामिनीचीं पदें किती तरी मुली सुरेख गातात. पण ती श्रीमंताची गर्विष्ठ मुलगी आहे, गरीब वनमालेचें सोंग घेऊन ज्याला आपण हिणविलें त्याच धैर्यधराला पारखते आहे, हें त्यांतल्या कितीजणींना ठाऊक असतें? पद आर्जवाचें, आणि आर्जव सोंगाचें. मग सोंगच हळूहळू खरें होऊं लागतें. ही गंमत खाडिलकरांच्या गद्यांत आहे, गोविंदराव टेंब्यांच्या चालींत एकट्या नाहीं. दारव्हेकरांच्या 'कट्यार'मध्यें तर गाणें हाच कथेचा विषय. १९६७ सालीं वसंतराव देशपांड्यांचे खांसाहेब ज्यांनीं पाहिले ते तानांपेक्षां त्या माणसाच्या जळफळाटाविषयीं अधिक बोलतात. २०१५ च्या चित्रपटानें तीं पदें पुनः घरोघर नेलीं, त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणीच आहों. पण चित्रपट पाहून नाटकाचें तिकीट काढणारे आम्हांस फार थोडे भेटले.

यांत दोष केवळ आजच्या पिढीचा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पद नाटकापासून तोडण्याचें पातक आम्हां वन्समोअरवाल्यांचें आहे. बालगंधर्वांच्या काळीं एकेक पद इतकें लांबे कीं समोरच्या पात्रानें काय करावें हा प्रश्न पडे. त्या लोकोत्तर गळ्यापुढें सारें क्षम्य होतें. पण तो गळा नसलेल्यांनींही तोच कित्ता गिरविला. पुढें बोलपट आले आणि रात्रभर बसण्याची लोकांची संवयच मोडली. जितेंद्र अभिषेकींनीं १९६४ च्या 'मत्स्यगंधे'पासून पदें आटोपशीर केलीं, प्रसंगाला चिकटविलीं. त्या वेळीं 'हें कसलें नाट्यसंगीत' म्हणून नाकें मुरडणाऱ्यांत आमचे वडील होते. आम्हीही पुष्कळ दिवस होतों. वहींतील त्या वर्षांचे गुण आतां वाचवत नाहींत.

तेव्हां आमचा आग्रह हाच राहिला आहे कीं, पद नाटकांत ऐकावें. गांवांत संगीत नाटकाचा प्रयोग लागला, मग तो हौशी मंडळीचा कां असेना, तर घरांतल्या सर्वांनीं जावें. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला घरीं ठेवून जाऊं नये. तरुण मुलें-मुली आजही हीं नाटकें बसवितात, राज्य नाट्यस्पर्धेंत उतरतात, उसना ऑर्गन पाठीवर वाहून नेतात. त्यांच्या प्रयोगांना आम्ही ४० च्या खालीं गुण देत नाहीं. हें नियमाविरुद्ध आहे, पण निवृत्त मास्तरला विचारतो कोण?

असें असूनही कबूल करावयास हवें कीं, एकतीस सौभद्रांत तें पद आम्हीं एकतीस सुभद्रांच्या तोंडून ऐकलें, त्यांत चार-पांच तर नामांकित. पण आडावरचें ऐकून जसें झालें तसें पुनः झालें नाहीं. ती चुकीच्या समजुतीवर रडत होती हें खरें. तरी तें रडणें त्या पदांत मावत होतें, हेंही खरें.

अक्का १९८१ सालीं गेली. वाडा पुढें विकला. तेथें आतां चार मजले आहेत आणि आडाच्या जागीं गाड्या उभ्या राहतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं थिएटराला आग लागली. दुसऱ्या दिवशीं, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. आम्ही पुण्यास मुलाकडे होतों. ज्वाळांचीं चित्रें नातीनें तिच्या भ्रमणध्वनीवर दाखविलीं. आठवड्यानें आम्ही कोल्हापुरास गेलों. रंगमंच जळून गेलेला, छप्पर कोसळलेलें. पुनः उभारणीच्या घोषणा तोंवर झालेल्या होत्या. आम्ही पुढल्या बाजूस फार वेळ थांबलों नाहीं. बोळांत जाऊन, जेथें पूर्वी आमची भिंत होती तेथें उभे राहिलों. जळक्या लांकडाचा वास येत होता. एका बाईनें वरच्या मजल्यावरून विचारलें, "कुणाकडं आलायसा?" काय सांगावें हें न सुचून आम्ही "थिएटर बघायला" म्हणालों.

नात दहा वर्षांची आहे, गाणें शिकते. अक्काची ती चोपडी आतां तिच्याजवळ असते. आमच्या तेराव्या वर्षींच्या निळ्या शाईच्या दुरुस्त्यांसकट. परवां सायंकाळीं देवापाशीं दिवा लावून आम्ही सहज गुणगुणत होतों, तों ती पुस्तक घेऊन धांवत आली.

"आजोबा, इथं 'अंबे' नाहीं आहे. दुसराच शब्द आहे."

"असेल," आम्ही म्हणालों.